तिसऱ्या पायरीपर्यंत

काल रात्री पाणी दुसऱ्या पायरीवर होतं.
आज पहाटे तिसरीवर येऊन बसलंय,
शेजारणीनं यावं आणि कुणी आत बोलावेपर्यंत
दाराशी घुटमळत राहावं, तसं.

एंडेल म्हणतो, चौथी चढणार नाही.
त्याच्या आजोबांनी चौकटीवर सुरीनं खाचा पाडल्यात,
प्रत्येकीपाशी एकेक साल.
सगळ्यात वरची माझ्या कमरेला लागते.
त्या वर्षी म्हणे गाय गवताच्या माळ्यावर चढवली होती
आणि पाणी उतरलं तरी
ती काही उतरायला तयार नव्हती.

आमच्याकडे चार ऋतूंनी भागत नाही.
बर्फ पुरता गेलेला नसतो, पालवी पुरती आलेली नसते,
आणि मधेच नदी कुरणावर राहायला येते,
दोन आठवडे, कधी तीन.
त्याला आम्ही पाचवा ऋतू म्हणतो.
तक्रार करतो ती नवीन माणसांसमोर, रीत म्हणून.

आज खिडक्यांचा दिवस.
दुहेरी तावदानांमधला कापूस काढायचा,
ऑक्टोबरात मीच ठासलेला,
वर शोभेला रानातली लाल फळं.
फळांचे आता मनुके झालेत.
कापसात सापडल्या सात माश्या, एक गांधीलमाशी
आणि नाताळभर शोधलेली माझी सुई.

आतलं तावदान उतरवलं
आणि घरात एकदम आवाज शिरले.
पाच महिने बाहेरचं जग
काचेपलीकडून नुसतं तोंड हलवत होतं.
आता बदकांची कटकट,
खांबावरच्या करकोच्याचं चोच वाजवणं,
कुंपणाची दांडी पाण्यावर
टक, मग बराच वेळ काही नाही, मग परत टक.
ऐकता ऐकता माझा चहा गार झाला.

होडी एंडेलच्या वडिलांची,
एकाच झाडाच्या खोडातून कोरलेली.
तीत बसून मी बर्चच्या झाडाकडे जाते,
बरणी उतरवायला.
रात्रभर थेंब थेंब भरलेली असते.
चव विचाराल तर पाण्याचीच,
पण झाडानं विचार करून दिलेल्या पाण्याची.
एक घोट तिथंच, होडीतच, उभ्यानं.
एंडेल ओरडतो, बस खाली, पडशील!
(गेल्या वर्षी पडले होते.)

अकराला उल्ले आली वल्हवत.
टपाल काय, तर विजेचं बिल.
एवढ्या लांब, एवढ्या पाण्यातून, विजेचं बिल!
तिघंही हसलो.
मग तिला भट्टीतली राईची पाव-वडी दिली, गरम,
वर लोणी. बोटांवरून ओघळलं ते
तिनं निर्लज्जपणे चाटलं.

लाकडाच्या थप्पीवर ससा आलाय, गुरुवारपासून.
सगळीकडे पाणी, जाणार कुठे.
तो आमच्याकडे बघत नाही, आम्ही त्याच्याकडे.
असं ठरलंय.
सरपण आम्ही दुसऱ्या टोकानं काढतो.
संध्याकाळी तिकडे एक सलगम विसरतो,
सकाळी ते नसतं.

मुलगी तार्तूहून फोन करते,
पाय कोरडे ठेवतेस ना?
हो, म्हणते मी,
बुटातलं पाणी ओतता ओतता.

दुपारी एंडेल सुरी घेऊन चौकटीपाशी गेला.
मी मागे उभी.
त्यानं जोत्यापासून पाण्याकडे पाहिलं,
खाचांवरून अंगठा फिरवला
आणि सुरी मिटून खिशात टाकली.
एवढ्याशा पाण्याला कोण खाच पाडतं, म्हणाला,
साधं वर्ष आहे.

मग आम्ही चौथ्या पायरीवर बसलो,
बूट तिसरीवर, घोट्यापर्यंत नदीत.
ऊन होतं. पाठीमागे उघड्या खिडकीतून
भट्टीची ऊब बाहेर येत होती, कुणाला नको असताना.
माझ्या ग्लासाचा ओला गोल
लाकडावर उमटला, एंडेलचा त्याच्या शेजारी,
थोडा त्याच्यावर चढलेला.

थप्पीवर काहीतरी करकरलं.
आम्ही मान वळवली नाही.